घरच्या कॉम्प्युटरवरची ‘येस-नो’ची चौकट

वर्ध्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक मागणी हमखास कानावर येते. “भाऊ, काहीही टाकाले गेलं की ते येस का नो विचारते. बंद करून द्या ना ते.” दुकानातला मुलगा दोन-तीन क्लिकमध्ये ते बंद करून देतो आणि गिऱ्हाईक खुशीत घरी जातं. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकताना कित्येक जण तर न सांगताच ते बंद करून ठेवतात. उद्या गिऱ्हाइकाचा त्यासाठी फोन यायला नको, हा हिशेब. माझ्या मते यात गिऱ्हाइकाचं नुकसान आहे. ते कसं, हे समजण्यासाठी ही चौकट मुळात का आली आणि आतून काय काम करते, हे पाहावं लागेल.

आपण एखादा प्रोग्राम टाकायला गेलो की स्क्रीन काळवंडते, मधोमध एक चौकट येते आणि या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, असं विचारते. विंडोजने तिला ‘युजर अकाउंट कंट्रोल’ असं नाव दिलंय. दुकानात तिला ‘यूएसी’ म्हणतात.

विंडोज एक्सपी 2001 साली आलं. त्याच वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, आणि पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून गावोगावच्या मुलांनी, मास्तरांनी, कारकुनांनी माउस हातात धरला. आपल्या एका अख्ख्या पिढीच्या हाताला वळण लागलं ते एक्सपीवर, आणि एक्सपीमध्ये ही चौकट नव्हतीच. घरी एक्सपी टाकलं की जे खातं तयार व्हायचं ते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चं, बहुतेकदा बिनपासवर्डचं. त्या खात्यातून जे काही चालेल त्याला अख्ख्या मशीनवर मोकळं रान मिळायचं. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, फोटो स्टुडिओतून आणलेल्या ड्राइव्हमधून व्हायरस घरभर पसरायचा, हे सगळं आठवत असेल. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्राम आपोआप चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर 2011 मध्ये अपडेट देऊन बंद केली. पण एकदा चालू झालेल्या व्हायरसला इतकी सत्ता मिळायची ती अ‍ॅडमिनच्या खात्यामुळे.

यावर उतारा म्हणून ही चौकट आणली गेली. जानेवारी 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा घराघरांत आलं आणि लोक वैतागले. प्रिंटर लावा, घड्याळाची वेळ बदला, एखादी फाइल हलवा, की चौकट हजर. अ‍ॅपलने तिची टर उडवणारी जाहिरातसुद्धा केली. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, अमेरिकेतल्या एका सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टचे अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी उघडपणे सांगितलं, की लोकांना त्रास व्हावा हा या चौकटीमागचा हेतूच होता. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण त्यामागचं गणित सरळ होतं. तेव्हाचे बहुतेक प्रोग्राम गरज नसताना अ‍ॅडमिनचे अधिकार मागायचे. ते बनवणाऱ्या कंपन्यांना नुसतं सांगून काही फरक पडत नव्हता. गिऱ्हाइकानेच तक्रार केली, की तुमचा प्रोग्राम उघडला की ही चौकट येते, तर कंपनी ताळ्यावर येईल, असा तो डाव होता.

आणि तो लागू पडला. मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, व्हिस्टा आलं तेव्हा चौकट आणणारे वेगवेगळे प्रोग्राम आणि कामं सुमारे 7 लाख 75 हजार होती. दीड वर्षात हा आकडा 1 लाख 68 हजारांवर आला. म्हणजे आज तुमच्या मशीनवर अधूनमधूनच चौकट दिसत असेल, तर ते तेव्हाच्या वैतागाचं फळ आहे. बंद करायची मागणी मात्र तशीच राहिली. 2009 च्या विंडोज 7 मध्ये एक चार टप्प्यांची सरकपट्टी आली. सर्वांत वर ‘नेहमी विचारा’, सर्वांत खाली ‘कधीच विचारू नका’. दुकानातला मुलगा हीच पट्टी तळाला ओढतो.

आता आत काय घडतं ते पाहू. तुम्ही अ‍ॅडमिनच्या खात्यातून लॉग-इन करता तेव्हा विंडोज तुमच्यासाठी दोन ओळखपत्रं तयार करतं. एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं ते अधिकार काढून घेतलेलं. ब्राउझर, वर्ड, व्हॉट्सअ‍ॅप, गाणी, सगळं दुसऱ्या, साध्या ओळखपत्रावर चालतं. विंडोजच्या फोल्डरमध्ये लिहायचं, ड्रायव्हर टाकायचा, अँटिव्हायरस किंवा फायरवॉल बंद करायची, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यातल्या फाइली उघडायच्या, असं काही करायची वेळ आली की पूर्ण ओळखपत्र लागतं. ते बाहेर काढण्याआधी विंडोज तुम्हाला विचारतं. चौकट येते ती नेमकी त्या क्षणी.

स्क्रीन काळवंडते त्यालाही कारण आहे. ती चौकट तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर येतच नाही. विंडोज एक वेगळा, बंदिस्त डेस्कटॉप उघडतं आणि मागे तुमच्या स्क्रीनचा फक्त फोटो लावतं. तिथे विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेशिवाय कुणालाही प्रवेश नाही. एरवी एखादा लबाड प्रोग्राम तुमच्या वतीने माउसचा बाण हलवून ‘येस’वर क्लिक करू शकला असता. त्या बंदिस्त जागेत त्याला ते जमत नाही. पट्टीच्या तिसऱ्या टप्प्यावर स्क्रीन न काळवंडता चौकट येते. ‘स्क्रीन झपकते’ म्हणून काही जण तो टप्पा निवडतात. त्यात चौकट दिसत राहते, पण तिच्याभोवतीचं हे कुंपण निघून जातं.

हे कुंपण कुठे उपयोगी पडतं, त्याचं उदाहरण आपल्याकडच्या फसवणुकीतलंच आहे. ‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका, मी तुमचं काम करून देतो’ असे फोन सर्रास येतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच अशा दूरनियंत्रणाच्या अ‍ॅपबद्दल बँकांना सावध केलं होतं. असा प्रोग्राम इन्स्टॉल न करता नुसता उघडून चालवला, तर समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते, पण ती काळी स्क्रीन आणि चौकट त्याला दिसत नाही आणि त्याच्या हातात येत नाही. म्हणून तो फोनवर घाईघाईने सांगतो, ‘आता येस दाबा.’ पट्टी तळाला असेल तर त्याला हे सांगायचीही गरज उरत नाही.

कारण ‘कधीच विचारू नका’ केलं की अ‍ॅडमिनच्या खात्यात येणाऱ्या प्रत्येक विनंतीचं उत्तर आपोआप ‘येस’ होतं. प्रिंटरच्या ड्रायव्हरला येस, गेमला येस, ईमेलमधून आलेल्या बनावट बिलाच्या फाइलला येस, आणि अँटिव्हायरस बंद करायला निघालेल्या प्रोग्रामलाही येस. लोकांना वाटतं विचारणं तेवढं बंद झालं. प्रत्यक्षात उत्तर देण्याचा आपला हक्क गेलेला असतो.

तरीही या चौकटीच्या ताकदीबद्दल वाढवून सांगण्यात अर्थ नाही. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो विंडोजच्या नेटवर्कमधल्या एका भोकातून आत शिरत होता आणि शिरताना कुणालाही काही विचारत नव्हता. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते सापडले. म्हणजे अपडेटचं काम ही चौकट करत नाही. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि आपल्याकडे विंडोज 10 वर चालणारी मशीन घरोघरी आहेत. चौकट चालू आहे म्हणून अशा घरांनी निर्धास्त राहू नये.

दुसरी मर्यादा जास्त बोचणारी आहे. तुमचे फोटो, सात-बाराच्या पीडीएफ, मुलीचे दाखले, दुकानाचा हिशेब, या तुमच्या फाइली आहेत. त्यांच्यात बदल करायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतच नाहीत. खंडणीखोर व्हायरस तुमच्या साध्या खात्यातूनही त्या कुलूपबंद करू शकतो आणि चौकट येणार नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही असेच जातात. खंडणीखोर व्हायरस आणखी एक गोष्ट करतात. विंडोजने फाइलींच्या जुन्या प्रती बाजूला ठेवलेल्या असतील तर त्या पुसून टाकतात, म्हणजे तुम्हाला परतीची वाट उरू नये. त्यासाठी मात्र त्यांना पूर्ण अधिकार लागतात, आणि अशा वेळी, तुम्ही काहीही टाकत नसताना, चौकट अचानक समोर येऊ शकते. त्या क्षणी ‘नो’ दाबणाऱ्याकडे निदान जुन्या प्रती राहण्याची शक्यता असते. अर्थात खरी भिस्त ठेवायची ती वेगळ्या हार्डडिस्कवर घेतलेल्या आणि काम झाल्यावर काढून ठेवलेल्या बॅकअपवर.

तिसरी गोष्ट सामान्य वाचकाला कुणी सांगत नाही. पट्टी नेहमी असते तिथे, म्हणजे वरून दुसऱ्या टप्प्यावर असताना विंडोज स्वतःच्या काही प्रोग्रामना न विचारता पूर्ण अधिकार देतं. लोकांचा त्रास कमी व्हावा म्हणून केलेली ही सवलत. हॅकरांनी तीच पकडली. विंडोजच्याच एखाद्या विश्वासू प्रोग्रामच्या आडून आत घुसण्याच्या कितीतरी युक्त्या आज उघड माहितीच्या आहेत. या युक्त्यांना एक अट मात्र लागते. तुम्ही अ‍ॅडमिनच्या खात्यात बसलेले असायला हवं. मायक्रोसॉफ्टसुद्धा या चौकटीला अभेद्य भिंत म्हणत नाही, ते याच कारणाने.

मग अ‍ॅडमिनच्या खात्यात रोज बसायचंच कशाला? बंद करावं का चालू ठेवावं या वादाचं माझं उत्तर इथे आहे. गावच्या बाजाराला जाताना कुणी तिजोरी, कोठार आणि घराच्या किल्ल्यांचा सगळा जुडगा कमरेला लावून निघत नाही. रोजचं काम साध्या खात्यातून करायचं आणि अ‍ॅडमिनचं खातं बाजूला, पासवर्ड घालून ठेवायचं. विंडोजमध्ये साध्या खात्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यात बसलं असताना चौकट आली तर ती नुसतं ‘येस’ स्वीकारत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. मघाशी सांगितलेल्या आडवाटा तिथे बहुतेक बंद होतात, कारण चोरून उचलावं असं दुसरं ओळखपत्रच त्या खात्याजवळ नसतं.

हे करायला पैसे लागत नाहीत, विंडोजची होम आवृत्ती असली तरी चालतं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स, आणि नवं खातं जोडायचं. त्याला नाव काहीही द्या, पासवर्ड पक्का द्या, आणि ‘चेंज अकाउंट टाइप’मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. मग एकदा त्या नव्या खात्यातून लॉग-इन करून पाहा. ते नीट उघडतंय याची खात्री झाल्यावरच, त्याच नव्या खात्यातून, तुमच्या रोजच्या जुन्या खात्याचा प्रकार बदलून स्टँडर्ड करा. हा क्रम मोडू नका, नाहीतर घरात अ‍ॅडमिनच उरणार नाही आणि पुन्हा फॉरमॅट मारायची पाळी येईल. तुमच्या फाइली, डेस्कटॉप, ब्राउझर सगळं जिथल्या तिथे राहतं. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात कागदपत्रांसोबत ठेवला तरी हरकत नाही. मॉनिटरला चिकटवू मात्र नका.

या बदलाने चौकटी कमी होत नाहीत, पण त्यांच्याकडे बघण्याची पद्धत बदलते, आणि ते फार मोलाचं आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये, लोक स्क्रीनवरच्या सुरक्षा सूचना पाहत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली तेवढ्यानेच मेंदूचा दृश्य टिपणारा भाग मंदावलेला आढळला. म्हणजे न वाचता ‘येस’ दाबणारा माणूस निष्काळजी असतोच असं नाही, मेंदूची घडणच तशी आहे. पासवर्ड टाइप करावा लागला तर हात थांबतो, आणि हात थांबला की डोळे वाचतात.

वाचायचं तरी किती? फार नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीचा रंग आधी बघा. निळा असेल तर प्रोग्राम कुणी बनवला याची सही तपासलेली आहे आणि त्या कंपनीचं नाव खाली लिहिलेलं असतं. पिवळा असेल तर बनवणारा ‘अननोन’, म्हणजे विंडोजला तो कोण हे ठाऊक नाही. मग ‘शो मोअर डिटेल्स’वर क्लिक करा, फाइल कुठल्या फोल्डरमधून चालतेय ते दिसेल. प्रिंटरची सीडी किंवा तुम्ही आत्ताच डाउनलोड केलेली फाइल असेल तर ठीक. ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरमधून आलेलं, आकडे आणि अक्षरांचा गुंता असलेलं नाव दिसलं आणि तुम्ही काही टाकतच नव्हता, तर ‘नो’. सगळ्यांत कामाचा प्रश्न रंगाचाही नाही: आत्ता, या मिनिटाला, मी स्वतः काही टाकायला घेतलंय का? घेतलं नसेल तर उत्तर ‘नो’च. ‘नो’ दाबल्याने काही बिघडत नाही. खरंच गरजेचं असेल तर ते काम पुन्हा करता येतं.

आता आपल्याकडच्या खऱ्या दुखण्याकडे. घरच्या कॉम्प्युटरवर चौकटीला डोळे मिटून ‘येस’ म्हणायला लावणारा मोठा सल्लागार म्हणजे फुकटचं विंडोज आणि फुकटचं ऑफिस चालू करून देणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. त्याच्यासोबतच्या सूचनांत अँटिव्हायरस बंद करा, आणि चौकट आली की येस म्हणा, असं लिहिलेलं असतं. कुणी बनवलं हे माहीत नसलेल्या प्रोग्रामच्या हाती आपण अख्खं मशीन सोपवतो, आणि त्याच मशीनवर पुढे बँकेचं काम करतो. माझं यावर स्पष्ट मत आहे. परवडत नसेल तर लिबर ऑफिस मोफत आहे, त्यात मराठी युनिकोड उत्तम चालतं. उबंटूसारखं लिनक्सही मोफत आहे, आणि तिथे तर महत्त्वाच्या कामाला पासवर्ड मागण्याचा रिवाज विंडोजच्या कितीतरी आधीपासून आहे. तो पासवर्ड मागणारा ‘सुडो’ 1980 च्या सुमाराचा.

आपले सरकार सेवा केंद्र घरातच चालवणाऱ्यांची अडचण वेगळी आणि खरी आहे. जुलैत पीक विम्याची गर्दी, जूनमध्ये दाखल्यांची. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, हे सगळं टाकताना पूर्ण अधिकार लागतात. पण ते टाकताना लागतात, रोज वापरताना नाही. सगळं एकदा अ‍ॅडमिनच्या खात्यातून टाकून घ्यावं आणि दिवसभराचं काम साध्या खात्यातून करावं. लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुकं, ठसे ज्या मशीनवरून जातात, तिथे चौकट बंद ठेवणं मला तरी पटत नाही. ती जोखीम केंद्रचालकाची एकट्याची नसते, रांगेत उभ्या असलेल्या माणसाची असते.

काही जुने प्रोग्राम हट्टी असतात. हिंगणघाटच्या एखाद्या अडत्याकडचं पंधरा वर्षांपूर्वीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोल्डरमध्ये माहिती लिहितं, आणि अ‍ॅडमिनशिवाय चालत नाही. अशा एका प्रोग्रामसाठी अख्ख्या मशीनची चौकट बंद करतात. त्याची गरज नसते. बहुतेक वेळा त्या एकाच फोल्डरवर उजवं क्लिक करून, प्रॉपर्टीजमधल्या ‘सिक्युरिटी’त जाऊन साध्या खात्याला ‘मॉडिफाय’ची परवानगी दिली की काम भागतं. दुरुस्तीवाल्याला नेमकं हे सांगा. जाणकाराला पाच मिनिटं लागतील.

फोनवरही हीच परीक्षा असते. पीएम किसानच्या, लग्नपत्रिकेच्या, आरटीओ चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते. ती टाकताना अँड्रॉइड विचारतं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकू द्यायचं का. मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. दोन्हींना ‘अलाऊ’ केलं की ओटीपी भलत्याच्या हाती जातो. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

विंडोजची पुढची दिशाही चौकट काढून टाकण्याची नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 साठी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ जाहीर केलं. त्यात पूर्ण ओळखपत्र तुमच्या खात्यात ठेवलंच जात नाही. प्रत्येक वेळी पिन किंवा बोटाचा ठसा घेऊन ते एका वेगळ्या, लपवलेल्या खात्यातून तेवढ्या कामापुरतं दिलं जातं आणि काम झालं की मोडीत काढलं जातं. न विचारता मिळणारी ती जुनी सवलतही त्यात काढून घेतली आहे. आज आपण साधं खातं आणि वेगळं अ‍ॅडमिन अशी जी सोय हाताने करतो, तिचंच हे पुढचं रूप.

तेव्हा पुढच्या वेळी फॉरमॅट मारलेलं मशीन दुकानातून घरी नेताना पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: चौकट चालू आहे का, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे. विंडोजच्या शोधपट्टीत ‘यूएसी’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाकली की सरकपट्टी लगेच उघडते. ती तळाला दिसली तर तिथेच उभं राहून निदान वरून दुसऱ्या टप्प्यावर आणून घ्या, जमलं तर सर्वांत वर, आणि रोजच्या वापरासाठी साधं खातं करून मागा.